उतार, चाक आणि केसांचा गुंता

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात खायच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि थर्माकोलचं ठिबक सिंचन यांच्या मध्ये एक टेबल असतं आणि त्यावर एक फळी. फळीच्या एका टोकाखाली तीन-चार जाड गाइडं घातलेली. गाइडचा इतका सरळ उपयोग एरवी होत नाही. वर दोन खेळण्यातल्या मोटारी. एकीच्या टपावर सेलोटेपने नाणी चिकटवलेली, दुसरी रिकामी. मागे पुठ्ठ्यावर स्केचपेनने ‘उतारावरील गतीवर वस्तुमान व घर्षण यांचा परिणाम’ असं लिहिलेलं, आणि पुठ्ठा कमी पडल्यामुळे ‘परिणाम’मधला ‘म’ खाली उतरलेला.

ज्वालामुखीसमोर मुलांची झुंबड असते. फळीसमोर मुलं थांबत नाहीत. फळीसमोर बाप थांबतात.

बाप थांबला की हात मागे बांधतो, मान तिरकी करतो आणि टेबलामागच्या बिचाऱ्या मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तर सांगून टाकतो. पहिल्या जातीचा बाप म्हणतो, “जड आधी येणार. साधी गोष्ट आहे.” साधी गोष्ट आहे म्हटलं की पुरावा द्यावा लागत नाही. दुसरा म्हणतो, “दोन्ही बरोबर येणार. गॅलिलिओ!” आणि एवढं बोलून थांबतो, नाव घेतलं की काम झालं अशी त्याची समजूत असते. तिसऱ्या जातीचे बाप थोडे असतात, पण ठाम असतात. त्यांनी आयुष्यात कधीतरी बंद पडलेली गाडी ढकललेली असते. ते म्हणतात, “हलकी आधी येणार. जडाला हलवायलाच किती जोर लागतो, माहितेय?”

आमच्या इमारतीत या तिन्ही जाती नांदतात. शिवाय एक चौथीही आहे. ती एकाच व्यक्तीची आहे: तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर काका. ते फळीकडे बघतात, खिशातून चष्मा काढतात आणि विचारतात, “आस कशाचा आहे?” त्यांच्या या प्रश्नाने संभाषण संपतं. आमच्याकडे बहुतेकांना आस हा शब्द ‘लागून राहणे’ या क्रियापदाबरोबरच माहीत असतो.

पण काकांचाच प्रश्न बरोबर आहे. कारण गंमत अशी की वरचे तिन्ही बाप बरोबर असू शकतात. कोणता बाप बरोबर, हे त्या मोटारीच्या पोटाखाली ठरतं, आणि पोटाखाली बघायला कोणी वाकत नाही.

आधी गॅलिलिओचं बघू, कारण त्याच्या नावावर वाट्टेल ते खपवलं जातं. पिसाच्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकले ही गोष्ट त्याच्या विव्हियानी नावाच्या शिष्याने लिहून ठेवली. ती तशीच घडली का, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. फळीचा प्रयोग मात्र त्याने स्वतःच लिहिला आहे. १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलेल्या पुस्तकात. लेखक तेव्हा फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता, म्हणजे लिहायला निवांतपणा होता. फळी म्हणजे चांगलं बारा हात लांबीचं लाकूड. त्यात बोटभर रुंदीची खाच, ती घासून गुळगुळीत केलेली, वर तिला आतून चर्मपत्राचं अस्तर. त्यातून घरंगळायला कठीण काशाचा गोल गोळा. सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतंच, म्हणून मोठ्या भांड्याच्या बुडाला बारीक नळी बसवून तीमधून गळणारं पाणी तो पेल्यात धरत असे आणि नंतर पाण्याचं वजन करत असे. पाणी जास्त तर वेळ जास्त. उतार घ्यायचं कारणही हेच: सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या घाईत असते की तिला पाण्याने मोजणं शक्य नाही, उतारावर तीच वस्तू जरा सवडीने पडते. दुप्पट वेळात चौपट अंतर, हा नियम त्याला तिथे सापडला. आणि हे सगळं त्याने शंभर शंभर वेळा करून पाहिलं, असं तो लिहितो.

मला त्या पुस्तकातला नियम कळतो. शंभर कळत नाहीत. आपल्याकडे कोणताही प्रयोग तिसऱ्यांदा सुरू झाला की आतून “पानं घेतलीयेत” असा आवाज येतो. विज्ञानाच्या इतिहासात स्वयंपाकघराच्या वेळा कोणी नीट तपासलेल्या नाहीत.

आता बारकावा असा की गॅलिलिओने गोळा वापरला. मोटार नव्हे. गोळ्याला आस नसतो, चाक नसतं, टप नसतो. तो अख्खाच चाक असतो. मोटारीची भानगड वेगळी, आणि तिथेच दुसऱ्या जातीच्या बापाचा पाय घसरतो.

घसरण्यावरून आठवलं. शाळेत ‘घर्षणाचे फायदे व तोटे लिहा’ असा प्रश्न असायचा. तोट्यांमध्ये ‘यंत्रे झिजतात’ आणि फायद्यांमध्ये ‘आपण चालू शकतो’ असं लिहिलं की गुण मिळत. मात्र चाकाचं फिरणं घर्षणामुळे होतं, हे सांगितलेलं असूनही डोक्यात शिरत नसे. उतार अगदी निसरडा केला, घर्षण शून्यावर आणलं, तर चाक फिरणारच नाही. मोटार तशीच घसरत खाली येईल. आणि ऐका: घरंगळणारीपेक्षा ती आधी येईल. चाक फिरवण्यातही शक्ती खर्च होते, आणि तो खर्च वाचतो. चाकाचा शोध लागला तेव्हा हे कोणी त्या शोधकर्त्याला सांगितलं नसावं.

हा खर्च किती, ते वस्तूच्या आकारावर ठरतं. भरीव गोटी उतारावरून सोडली तर बिनघर्षण घसरण्याच्या तुलनेत तिचा वेग पाच सप्तमांश दराने वाढतो. नाण्याचा दोन तृतीयांश दराने. बांगडीचा तर निम्म्यानेच, कारण बांगडीचं सगळं वस्तुमान काठावर, आणि काठाला फिरवणं सगळ्यात महाग. त्यामुळे गोटी नाण्याला हरवते आणि नाणं बांगडीला. दरवेळी. या हिशेबात वजन कुठेच येत नाही. आकारमानही नाही. बांगडी सोन्याची असो, लाखेची असो की प्लास्टिकची, उतारावर तिला तोच निम्मा दर. सोन्याची बांगडी वापरून हे सिद्ध करून दाखवावं असं मी घरात सुचवलं होतं. प्लास्टिकच्या बांगडीवर समाधान मानावं लागलं.

याचाच आणखी एक पाठभेद स्वयंपाकघरात मिळतो. दोन सारखे गोल डबे घ्या, घट्ट झाकणाचे. एकात पातळ मठ्ठा काठोकाठ, दुसऱ्यात तेवढाच ठासून चक्का. दोन्ही आडवे करून उतारावर सोडा. मठ्ठा जिंकतो. डबा फिरतो, पण आतला मठ्ठा फारसा फिरत नाही, नुसता खाली येतो. चक्का मात्र डब्याशी एकनिष्ठ राहून त्याच्याबरोबर गिरक्या घेतो आणि मागे पडतो. झाकण घट्ट असावं, हे पुन्हा सांगतो.

आता मोटार. मोटारीत फिरणारी फक्त चाकं. वरचा सांगाडा नुसता बसून खाली येतो, काही करत नाही. (सोसायटीच्या कार्यकारिणीबद्दल मी बोलत नाहीये.) समजा, रिकाम्या मोटारीचं वजन ४० ग्रॅम, त्यातली चाकं १० ग्रॅमची. तिच्या वेगवाढीतला साधारण नववा हिस्सा चाकं फिरवण्यात जातो. तिच्या टपावर ४० ग्रॅमची नाणी चिकटवली की एकूण वजन दुप्पट होतं, पण चाकं तेवढीच राहतात, म्हणून त्यांचा हिस्सा अर्ध्यावर येतो. मीटरभराच्या फळीवर त्यामुळे जड मोटार पाच-सहा सेंटीमीटर पुढे राहते. म्हणजे एका मोटारीच्या लांबीइतकीसुद्धा नाही. पहिला बाप जिंकतो, पण त्याच्या आवाजाच्या मानाने फारच थोड्या अंतराने.

शिवाय हवा. छोट्या फळीवर हवेला कोणी विचारत नाही, पण रस्त्यावर ती हजेरी लावते. घर्षण टक्केवारीवर काम करतं, हवा ठोक रक्कम घेते. वजन दुप्पट केलं की चाकाचं आणि आसाचं घर्षणही साधारण दुप्पट होतं, उतारावरची ओढही दुप्पट, त्यामुळे घर्षणाच्या बाबतीत फायदा नाही की तोटा नाही. पण हवेला तुमच्या वजनाशी कर्तव्य नाही. ती फक्त तुमची समोरची रुंदी आणि वेग पाहते. तिची ठोक रक्कम जड गाडीला किलोमागे स्वस्त पडते.

हे सूत्र आमच्या पिढीतल्या अनेकांनी न शिकता वापरलेलं आहे. बेअरिंगच्या गाडीवर. गॅरेजवाल्याच्या मागे लागून जुनी बॉल बेअरिंगं मिळवायची. खोक्याची फळी, तिच्याखाली दोन आडवी दांडकी, दांडक्यांची टोकं तासून बेअरिंगच्या भोकात दगडाने ठोकायची. पुढचं दांडकं एकाच बोल्टवर, म्हणजे पायाने किंवा सुतळीने वळवता येतं. ब्रेक म्हणजे स्लीपरचा तळ, आणि स्लीपर झिजल्यावर घरी जे होतं तो दुसरा ब्रेक. ही गाडी सिमेंटच्या रस्त्यावरून उतरायला लागली की गल्लीतली दुपारची झोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने मोडत जायची.

या गाडीच्या जगात एक सामाजिक उलथापालथ होती. क्रिकेटची टीम पाडताना सगळ्यात शेवटी घेतला जाणारा, अंगाने भरलेला मुलगा इथे सगळ्यात आधी मागितला जायचा. “तू आमच्या गाडीवर मागे बस.” मागे बसवण्यात मुलांची अक्कल पाहा: पुढे किडकिडीत ड्रायव्हर, त्याच्या पाठीला चिकटून मागे वजनदार गडी. समोरून रुंदी जेमतेम तेवढीच, वजन दुपटीहून जास्त. हवेला तेवढेच पैसे आणि वेग मात्र चांगला वाढलेला. पुढे तोच मुलगा मागून “ब्रेक लाव” म्हणायचा, तेव्हा हिशेबाची दुसरी बाजू कळायची. तिच्याकडे आपण घाटात येऊ.

मग हलक्या मोटारीचा पक्ष कधी जिंकतो? अगदी साध्या कारणाने. खेळण्यातल्या मोटारीचा आस म्हणजे बारीक तार. तिच्यावर नाण्यांचा थर चढवला की तार वाकते, चाकं आत तिरकी होतात आणि सांगाड्याला घासू लागतात. टक्केवारीचा करार मोडतो. जड मोटार फळीच्या मध्यावर करकरून थांबते आणि हलकी तिच्या बाजूने निघून जाते. तिसऱ्या बापाला त्या दिवशी आयुष्यभराची भरपाई मिळते.

तर आस. काकांच्या मते उतारावरच्या सगळ्या भांडणांचं मूळ तिथे आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटत चाललंय. चाक आणि फळी यांच्यातलं घर्षण चाक फिरवतं. चाक आणि आस यांच्यातलं घर्षण ते अडवतं. नाव एक, कामं उलट. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लाकडावर लाकूड, पोलादावर पोलाद, काचेवर काच यांचे घर्षणांक कोष्टकात दिलेले असतात. घरात जे खरं घर्षण असतं त्याचा उल्लेख कुठल्याही कोष्टकात नाही. ते केसांचं असतं.

कुठलीही खेळण्यातली मोटार उलटी करा. आसांच्या चारही टोकांना लांब केसांची घट्ट वेटोळी बसलेली असतात, त्यात गालिच्याचे धागे, रांगोळीची पूड, कधीकाळच्या केकचा कण. चाक एकतर फिरत नाही, किंवा फिरतं आणि कण्हतं. केस निघाले की घरात पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा नसतो. केस कुणाचे, हा असतो. लांबीवरून आई मुलीवर आळ घेते, रंगावरून मुलगी आजीवर, आणि आजी, “माझे एवढे राहिलेत का आता?” असं म्हणून एका वाक्यात निर्दोष सुटते. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीचंही तेच, चाकाच्या सुटकेसचंही तेच. पिन, कात्री, चिमटा आणि थोडे अपशब्द, एवढी हत्यारं लागतात.

केस काढले की तेल. इथे पुन्हा मतभेद. आमच्याकडे पहिलं तेल म्हणजे खोबरेल. कुठल्याही कुरकुरीवर, दाराच्या बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत. खोबरेलाची अडचण अशी की ते पंचवीस अंशांच्या आसपास गोठतं. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी आसावर खोबरेल घातलं की दुपारपर्यंत मोटार मेणात बसवल्यासारखी शांत. शिलाईमशीनचं तेल उत्तम, पण ते घरात नेहमी दुसऱ्याच कप्प्यात असतं. मुलं कॅरमची पावडर काढतात, आणि उत्साहाने ती आसावर कमी आणि फळीवर जास्त टाकतात. चाकाला ज्या घर्षणाची गरज आहे ते पुसून टाकायचं आणि ज्याची नाही ते तसंच ठेवायचं, असा हा बेत. काकांनी पेन्सिलचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची काळी पूड आसावर सोडली. मोटार सुसाट गेली. काकांची बोटं, शर्ट आणि नंतर काकूंचा आवाज, तिन्ही काळवंडले.

पेन्सिलच्या शिशाची म्हणजे ग्रॅफाइटची ही युक्ती अमेरिकेत लहान मुलांच्या, म्हणजे तिथल्या बापांच्या, एका अख्ख्या शर्यतीचा पाया आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी कब स्काउट मुलांसाठी लाकडी मोटारींची शर्यत सुरू केली. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाकं, आसाच्या जागी खिळे. मोटार उतारावरून सोडायची, पुढे सपाटीवर कोण आधी पोचतं ते पाहायचं. वजनाची कमाल मर्यादा पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. झालं. मोटार मर्यादेच्या शेवटच्या ग्रॅमपर्यंत भरायची, त्यासाठी शिसं किंवा टंगस्टन लाकडात दडवायचं. तेही शक्यतो मागच्या बाजूला, म्हणजे सुटताना वजन उतारावर थोडं अधिक उंचीवर असतं आणि तेवढी जास्तीची ताकद पदरात पडते. खिळे घासून चकचकीत करायचे, ग्रॅफाइट भरायचं. काही जण तर एक चाक किंचित वर उचलून ठेवतात. तीनच चाकं फिरवायची, चौथं शोभेला. मुलाने फक्त रंग द्यायचा. प्रदर्शनात प्रकल्प मुलाच्या नावाने मांडण्याची ही वृत्ती आपलीच खासियत आहे असं मी समजत होतो. आपण यात एकटे नाही हे वाचून बरं वाटलं.

पण या क्षेत्रातली कमाल झाली ती मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत. मुलगा आत बसतो आणि इंजिनाशिवाय टेकडी उतरतो, ती सोप बॉक्स डर्बी. ओहायोतल्या डेटन शहरात मुलांना घरगुती गाड्या पळवताना एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराने पाहिलं आणि १९३४ साली तिथे पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. पुढच्या वर्षी ती अॅक्रनला गेली. १९७३ च्या विजेत्या गाडीबद्दल परीक्षकांना संशय आला, कारण ती सुटतानाच इतरांपेक्षा जास्त घाईत दिसत होती. गाडीचा एक्स-रे काढला. नाकात विद्युतचुंबक निघालं! सुटण्याच्या रेषेवर गाड्यांना अडवून धरणारी लोखंडी पट्टी असते. ती खाली पडताना चुंबक पट्टीकडे खेचलं जायचं आणि गाडीला पुढे हिसका मिळायचा. बटण कुठे? डोकं टेकायच्या जागी. मुलाने मान मागे टाकली की चुंबक सुरू. विजेतेपद काढून घेतलं गेलं. हे वाचून दाखवल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, त्यांना मुलांच्या नैतिक अधःपतनाचं वाईट वाटलं असेल. मग ते म्हणाले, “बॅटरीचं वजनही कामी आलं असणार.”

आता घाट, कारण मागे बसलेल्या गड्याने “ब्रेक लाव” म्हटलं होतं. उतरताना वजनाचा फायदा हवेपुरता थोडासा असतो. थांबताना मात्र वजनाचा प्रत्येक किलो आपला हिशेब मागतो. २५ टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरून त्याच वेगात राहिला, तर तेवढ्या उतरण्यातली सगळी शक्ती उष्णता होऊन कुठेतरी जायला हवी. काकांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड केली: तेवढ्या उष्णतेत साधारण ७५ लिटर पाणी उकळतं. म्हणजे हजारभर कटिंग चहा. ही उष्णता इंजिनाने अडवली नाही तर ती ब्रेकच्या ड्रमात जाते, ड्रम लाल होतात, आणि मग पायाखालचा ब्रेक नुसता पेडल उरतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आणि म्हणूनच उतारावर गाडी न्यूट्रल करू नका अशा पाट्या लावाव्या लागतात. न्यूट्रल करणाऱ्याला वाटतं, डिझेल वाचलं. आजच्या इंजिनात तर तेही वाचत नाही: गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतं. उतारावर फुकट जायच्या मोहात माणूस पैसे देऊन धोका विकत घेतो.

रेल्वेला हा मोह परवडत नाही, कारण तिची चाकं फारच निर्व्यसनी. डांबरावर मोटारीच्या टायरला घरंगळताना वजनाच्या शंभराला एक-दीड या प्रमाणात विरोध होतो. रुळावरच्या पोलादी चाकाला हजाराला एक-दोन. डोळ्याला दिसणारही नाही अशा उतारावर सुटा डबा चालू लागू शकतो, म्हणून स्थानकाच्या आवारात उतार ४०० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा रेल्वेचा दंडक आहे. आणि १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटात उतार ३७ मीटरला एक मीटर! खाली येणारी गाडी वाटेत थांबते, प्रवासी “सिग्नल नसेल” म्हणून भेळ उघडतात, पण तो थांबा ब्रेक शाबूत आहेत हे दाखवण्यासाठी असतो. तिथे डोंगरात वर चढणारा एक आडरूळ असतो आणि सांधे मुळात त्याच्याच बाजूला लावलेले असतात. गाडी शहाण्यासारखी थांबली तर तिला खालची वाट मिळते. सुटलीच, तर ती आपोआप त्या चढावर जाते आणि चढच तिला थांबवतो. उतारावर विश्वास न ठेवणं ही त्या इंजिनियरांची कमाई. मला तो आडरूळ घाटातल्या धबधब्यांपेक्षा देखणा वाटतो, पण फोटो कोणी काढत नाही.

तर अशा सगळ्या ज्ञानाने भारलेल्या आमच्या सोसायटीत मध्यंतरी व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा ठरला. प्रवेशाशी तीन फुटांच्या पायऱ्या आहेत. काकांनी मानक सांगितलं: एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे ३६ फूट रॅम्प. सभेत शांतता पसरली, कारण छत्तिसाव्या फुटावर अध्यक्षांची मोटार उभी असते. विसाव्या फुटावर सचिवांची. मग नियम थोडे घरंगळले. अमुक रुग्णालयात इतका लांब नाही, तमक्या बँकेत तर पायऱ्यांवरच सिमेंट थापलंय, अशी उदाहरणं आली. शेवटी रॅम्प नऊ फुटांचा झाला. एकास तीन. त्यावरून आता गॅसवाला सिलिंडर सोडतो, मुलं मोटारी सोडतात, आणि मांजर सोडून इतर कोणी चालत वर येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र तिथूनच न्यावं लागतं. त्यांनी पुढच्या सभेत तक्रार मांडली: “वर जाताना मला दोघं लागतात, खाली येताना चौघं.” एकाने उपाय सुचवला की रॅम्पवर जाड गालिचा चिकटवावा, घर्षण वाढेल. काकांनी समजावलं की मग वर ढकलतानाही तेवढंच जास्त ढकलावं लागेल. दुसऱ्याने आजींच्या वजनाचा विषय काढायचा प्रयत्न केला, त्याला त्याच्या पत्नीने खाली बसवलं. मग काका उभे राहिले. शांतपणे म्हणाले की शास्त्राच्या दृष्टीने आजींचा आकडा उलटा आहे. चढवताना वजनाची ओढ आणि घर्षण दोन्हींशी झगडावं लागतं. उतरवताना घर्षण आपल्या बाजूने असतं, म्हणून धरायला कमी जोर लागतो. हिशेबाने खाली येताना दोघांपेक्षाही कमी माणसं पुरतील. त्यांनी पाकिटाच्या मागची आकडेमोडही दाखवली.

आजींनी ती चष्मा लावून नीट पाहिली.

“बरोबर असेल बाबा तुझं,” त्या म्हणाल्या. “मग असं कर. तू बस खुर्चीत. आम्ही धरतो.”